मनात राग ठेवून केलेली सेवा सद्गुण ठरते का?

पाऊलवाट :

बरेच दिवस मनात घोळत असलेला एक प्रश्न मांडतो आहे. तो माझ्या घरातून आलेला असला, तरी केवळ माझ्यापुरता आहे असे मला वाटत नाही.

माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यानंतर चौदा महिने ते अंथरुणाला खिळून होते. रात्रीची जबाबदारी माझ्याकडे होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे, चादर ओली झाली असेल तर त्यांना एका अंगावर धरून ती काढावी लागे, आणि ठसका लागू नये म्हणून पाणी चमच्याचमच्याने पाजावे लागे. या चौदा महिन्यांत मी एकही पाळी चुकवली नाही, त्यांच्यावर कधी आवाज चढवला नाही, आणि कोणाजवळ कुरकुरही केली नाही. परंतु पहाटे तीनचा गजर वाजला की डोळे उघडण्याआधी माझ्या मनात जे उमटे, तो राग असे. तो त्यांच्यावर होता, आजारावर होता की माझ्या वाट्याला आलेल्या रात्रींवर होता, हे मला आजही सांगता येणार नाही. तो जवळजवळ रोज येत असे, एवढे मात्र खरे.

माझी धाकटी बहीण दुपारी येत असे आणि हीच कामे ती हसतमुखाने करत असे. वडिलांचे केस विंचरताना ती त्यांच्याशी बोलत राही, आणि त्यांना उत्तर द्यायला वेळ लागला तरी तिच्या चेहऱ्यावर कधी आठी उमटत नसे. वडील गेल्यानंतर भेटायला आलेल्या माणसांनी आम्हा दोघांचे सारख्याच शब्दांत कौतुक केले. ते ऐकताना मला संकोच वाटला, कारण आमची कामे सारखी असली तरी ती करणारी मने सारखी नव्हती, हे मला ठाऊक होते.

आता माझा प्रश्न. तिने जे केले ते सद्गुणातून केले, हे उघड आहे. मग मी जे केले त्याला काय म्हणावे? कधी वाटते की जिला ते जड गेलेच नाही तिच्यापेक्षा, रोज स्वतःशी झगडून उठणाऱ्याचे श्रेय अधिक आहे. लगेच असेही वाटते की ज्याला स्वतःच्या वडिलांना पाणी पाजण्यासाठी स्वतःशी झगडावे लागते, त्याच्यात काहीतरी मुळातच उणे असले पाहिजे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, बाहेरून इंद्रिये आवरून मनात मात्र भलतेच चिंतन करणाऱ्याला ‘मिथ्याचार’ म्हटले आहे. तो शब्द मला लागतो. मी चौदा महिने मिथ्याचारच करत होतो का?

कृपया माझी समजूत घालण्यासाठी उत्तर देऊ नका. मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

तत्त्वशोध :

मी अनेक वर्षे नीतिशास्त्र शिकवले आहे, आणि तुमचा प्रश्न त्या विषयातील सर्वांत जुन्या प्रश्नांपैकी एक आहे. त्यावर थोर माणसांनी एकमेकांच्या अगदी विरुद्ध उत्तरे दिली आहेत, म्हणून तुमचे मन दोन्हीकडे ओढले जाते यात नवल नाही.

इ.स.पू. चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने माणसाच्या वृत्तीचे जे प्रकार सांगितले, त्यांतील चार येथे उपयोगी पडतील. सद्गुणी माणूस योग्य ते करतो आणि त्याला तेच करावेसे वाटते. संयमी माणसाला वेगळेच काही करावेसे वाटते, तरीही तो योग्य तेच करतो. असंयमी माणसाला कळते पण वळत नाही. आणि दुर्गुणी माणसाला जे वाईट तेच बरे वाटते, त्यामुळे त्याच्या मनात झगडा उरतच नाही. या चौघांत संयमी माणसाचे स्थान सद्गुणी माणसाच्या खालचे आहे, असे अ‍ॅरिस्टॉटलचे स्पष्ट मत होते. कारण एखादे काम करताना माणसाला आनंद होतो की क्लेश होतात, यावरून त्याची घडण ओळखता येते, असे तो मानत असे. ही मोजपट्टी लावली तर तुमची बहीण सद्गुणी आणि तुम्ही संयमी ठरता. तुम्ही समजूत घालू नका म्हणालात, म्हणून हे स्पष्टच लिहिले.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्ये या मताच्या नेमके विरुद्ध जाणारे एक उदाहरण दिले. एक परोपकारी माणूस आहे. स्वतःच्या दुःखाने त्याचे मन इतके झाकोळून गेले आहे की दुसऱ्याच्या दुःखाने ते हलेनासे झाले आहे. तरीही तो त्या बधिरपणातून स्वतःला ओढून काढतो आणि कोणतीही ओढ नसताना, केवळ कर्तव्य म्हणून मदत करतो. कांट म्हणतो की त्याच्या कृतीला खरे नैतिक मोल आता आले. हे उदाहरण वाचून पुष्कळांचा असा समज होतो की, कांटच्या मते चांगले काम कपाळाला आठ्या घालूनच केले पाहिजे. कवी शिलरने याच मुद्द्यावर त्याला छेडले होते. परंतु कांटने १७९४ मध्ये त्याला जे उत्तर दिले, ते फारसे कोणी वाचत नाही. प्रसन्न मनाने केलेले कर्तव्यपालन हे सद्वृत्ती अस्सल असल्याचे चिन्ह आहे, आणि दबलेल्या, गुलामी मनाने केलेल्या पालनात त्या नियमाविषयीचा छुपा द्वेष असतो, असे त्याने तेथे म्हटले आहे. म्हणजे ज्याला आपण झगड्याचा कैवारी समजतो, त्यालाही झगडा हे अंतिम ठिकाण वाटत नव्हते.

मला स्वतःला या वादातून वाट दिसली ती फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ स्त्रीच्या १९७८ च्या एका निबंधात. चांगले वागणे अवघड गेले तर सद्गुण मोठा की लहान, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. आधी ती अडचण कोठून आली हे विचारले पाहिजे, असे तिचे म्हणणे आहे. अडचण माणसाच्या स्वभावातील खोटीतून आलेली असेल, तर ती सद्गुणाची उणीव दाखवते; परिस्थितीतून आलेली असेल, तर तिच्यावर मात करणाऱ्याचा सद्गुण त्यामुळे अधिक ठळक होतो. अत्यंत गरिबीत असलेल्या माणसाला सापडलेले पैसे परत करणे जड जाते, ते गरिबीमुळे. खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसाला तेच जड गेले, तर कारण त्याच्या मनात शोधावे लागेल. कांटच्या दुःखी माणसाची अडचणही अशीच बाहेरून आलेली आहे, आणि म्हणूनच त्याचे उदाहरण आपल्याला पटते.

म्हणून मी तुम्हाला प्रश्न विचारतो. तुमचा राग ‘यांच्यासाठी मी माझी झोप का मोडावी’ या विचारातून येत होता, की झोप मोडल्यामुळे येत होता? ही दोन वाक्ये जवळची वाटली तरी ती एक नाहीत. चौदा महिने दर दोन तासांनी मोडणारी झोप ही कोणाच्याही मनावर आदळणारी परिस्थिती आहे. खरे उत्तर बहुधा दोन्हींचे मिश्रण असेल, आणि ते किती-किती हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

वाटसरू :

तत्त्वशोध यांनी केलेला भेद मला मान्य आहे, पण या चर्चेत बहिणीविषयी एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरली आहे, ती मला खटकते. तिला ते जड गेले नाही, हे आपल्याला कसे कळले? तिच्या चेहऱ्यावरून. आणि पाऊलवाट यांचा चेहरा पाहून भेटायला येणाऱ्यांना काय वाटले? त्यांनाही जड गेले नाही, असेच वाटले. म्हणून तर दोघांचे सारखे कौतुक झाले. आपले मन आपल्याला आतून दिसते आणि दुसऱ्याचे केवळ बाहेरून. मग आपल्या आतल्याची तुलना दुसऱ्याच्या बाहेरच्याशी केली, तर आपण हरणारच.

दुसरे असे की, काही माणसांचा स्वभाव जन्मतःच शांत असतो. हे श्रेय नव्हे आणि दोषही नव्हे. प्राचीन चीनमध्ये मेन्शियसने माणसाच्या स्वभावात चांगुलपणाचे अंकुर असतात असे मांडले, आणि त्याचा दाखला म्हणून विहिरीत पडू पाहणाऱ्या मुलाचे उदाहरण दिले: ते दृश्य पाहून कोणाच्याही काळजात धस्स होते, आणि ते मुलाच्या आईबापांची मर्जी किंवा लोकांची वाहवा मिळावी म्हणून होत नाही. त्याच्यानंतर आलेल्या शून्त्सीने म्हटले की माणसाचा स्वभाव वाकडाच असतो, आणि वाकडे लाकूड वाफ देऊन, चौकटीत दाबून सरळ करावे तसा तो प्रयत्नाने सरळ करावा लागतो. मला वाटते की एकाच घरात एक मूल मेन्शियसचे आणि दुसरे शून्त्सीचे असू शकते. वाफ आणि दाब सोसून सरळ झालेल्या लाकडाला ‘तू मुळात सरळ नव्हतास’ म्हणून कमी लेखण्यात मला न्याय दिसत नाही.

अर्थबोध :

मी केवळ ‘मिथ्याचार’ या एका शब्दापुरते लिहितो, कारण तो शब्द तुम्हाला लागला आहे आणि तो तुमच्यासाठी नाही, असे मला खात्रीने वाटते.

तिसऱ्या अध्यायातील सहावा श्लोक ‘कर्मेन्द्रियाणि संयम्य य आस्ते मनसा स्मरन्’ असा सुरू होतो. यातील ‘आस्ते’ हे क्रियापद आपण सहज ओलांडून जातो. ‘आस्’ म्हणजे बसणे, बसून राहणे. जो हातपाय आवरून, कर्म सोडून बसून राहतो आणि मनात विषयांचे चिंतन करतो, त्याला तेथे मिथ्याचार म्हटले आहे. कर्मत्यागाचे सोंग हा त्या श्लोकाचा विषय आहे. लगेच पुढच्या श्लोकात, मनाने इंद्रियांचे नियमन करून जो कर्म करू लागतो तो श्रेष्ठ, असे सांगताना ‘आरभते’ हे क्रियापद आले आहे. एका श्लोकात बसून राहणारा आहे आणि दुसऱ्यात कामाला लागणारा. पहाटे तीनला उठून वडिलांची कूस बदलणारा माणूस यांपैकी कोठे बसतो, हे वेगळे सांगायला नको.

याच अध्यायात पुढे तेहतिसाव्या श्लोकात, ज्ञानी माणूसही आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, तेथे निग्रह काय करणार, असा मानवी स्वभावाविषयीचा अतिशय कठोर प्रश्न आहे. तो वाचून माणूस हताश व्हावा, इतका तो सरळ आहे. पण चौतिसावा श्लोक राग आणि द्वेष नष्ट करा असे म्हणत नाही. येथील ‘राग’ म्हणजे आसक्ती, आपण मराठीत म्हणतो तो राग नव्हे, हे लक्षात घ्यावे. इंद्रियांच्या विषयांत ते दोन्ही ठाण मांडून बसलेलेच असतात, त्यांच्या ताब्यात जाऊ नये, एवढेच तो श्लोक म्हणतो. पाचव्या अध्यायात तर काम आणि क्रोध यांपासून उठणाऱ्या वेगाला जो देह असेपर्यंत सोसू शकतो, त्याला ‘युक्त’ म्हटले आहे. तेथील शब्द ‘सोढुम्’ आहे, म्हणजे सोसणे. ज्याच्या मनात वेगच उठत नाही त्याला सोसण्याचे कारण काय? क्रोधाचा वेग उठतो, हे तेथे धरूनच चालले आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने ज्याला दुसऱ्या पायरीवर ठेवले, त्याला गीतेने निदान या श्लोकात तरी वरचा मान दिला आहे. स्थितप्रज्ञाच्या वर्णनात वेगळा सूर आहे, हेही नमूद केले पाहिजे. पण ते पोचलेल्या माणसाचे वर्णन आहे, आणि आपण येथे चालणाऱ्याबद्दल बोलत आहोत.

शुश्रूषा :

मी बावीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. वरील सर्वांचे लिहिणे आदराने वाचले, पण त्यात रुग्ण कोठेच दिसला नाही, म्हणून लिहावेसे वाटले.

राग येतो. आम्हाला पगार मिळतो, आठ तासांनी घरी जाता येते, तरी येतो. तुम्ही तर मुलगा होतात आणि घरही तेच होते. ज्या घरात एकच माणूस महिनोन्‌महिने रात्री जागतो, तेथे मी त्याच्या डोळ्यांत हा राग पाहिला आहे, आणि त्यामुळे त्या माणसाविषयी माझे मत कधी वाईट झाले नाही. पण राग मनात असला तर तो मनातच राहतो, ही समजूत मात्र खरी नाही. अंथरुणावरच्या माणसाचे जग चादरीएवढे झालेले असते आणि त्या जगात येणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्याचा हात. नवीन मुली कामावर आल्या की मी त्यांना रुग्णाच्या खांद्याकडे पाहायला सांगत असे. ओला रुमाल घेऊन हात जवळ आला की काही हातांसाठी तो खांदा सैल राहतो आणि काही हातांसाठी स्पर्श होण्याआधीच आखडतो. काम दोघींचेही पुस्तकाप्रमाणे बिनचूक असते. रुग्णाला फरक कळतो.

थकव्याने आधी पाठ जाते असे सर्वांना वाटते. माझ्या अनुभवात आधी नजर जाते. पुढे माणूस दिसेनासा होतो आणि कामेच दिसू लागतात: कूस, चादर, औषध, पाणी. राग बहुतेक वेळा त्यानंतर येतो, कारण कामांच्या यादीवर रागावणे फार सोपे असते.

मी येथे ‘शुश्रूषा’ हे नाव घेतले, त्यालाही कारण आहे. शिकत असताना आमच्या एका शिक्षिकेने सांगितले होते की या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे, आणि सेवा हा अर्थ त्यातून पुढे आला. तेव्हा ती मला केवळ शब्दाची गंमत वाटली होती. दहाएक वर्षांनी त्याचा अर्थ लागला.

पाऊलवाट :

सर्वांचे मनापासून आभार. शुश्रूषाताई, तुमचे उत्तर वाचल्यावर मी दोन दिवस काही लिहू शकलो नाही, कारण मूळ प्रश्नात मी एक गोष्ट सांगितली नव्हती.

शेवटच्या काही महिन्यांत एका पहाटे मी वडिलांना पाणी पाजत होतो. ते एक चमचा घेत, डोळे मिटत, आणि गिळायला त्यांना वेळ लागे. तोपर्यंत मी पुढचा चमचा भरून त्यांच्या ओठांशी धरून ठेवत असे, म्हणजे तोंड उघडले की लगेच देता यावा. मला यात काही वावगे वाटत नव्हते. त्या पहाटे त्यांनी डोळे उघडले, ओठांशी धरलेल्या चमच्याकडे पाहिले आणि जड झालेल्या जिभेने सावकाश म्हणाले, “तुझ्या हाताला घाई आहे.” स्वरात तक्रार नव्हती. जणू मीच आजारी असावा आणि ते त्यांच्या लक्षात आले असावे, असा तो स्वर होता.

म्हणजे तत्त्वशोध सरांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हे आहे की राग झोपेचा होता, पण घाई माझी होती. आणि मी ‘माझे मन वाईट, माझी कृती मात्र निर्दोष’ असे जे धरून चाललो होतो, त्यातला दुसरा भागही पूर्ण खरा नव्हता.

वाटसरू :

घाईचा विषय निघाला म्हणून एक प्रयोग सांगतो, कारण तो येथे नेमका लागू पडतो. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर तो केला. प्रत्येकाला एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण द्यायचे होते, आणि काहींच्या भाषणाचा विषय, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाची बायबलमधील कथा, हाच होता. वाटेत एक माणूस दारात कोसळल्यासारखा, खोकत आणि कण्हत बसवलेला होता. ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते, त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झाला आहे असे सांगितले होते, त्यांच्यापैकी १० टक्के. मदतीच्या कथेवर बोलायला निघाले होते की दुसऱ्या विषयावर, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

यावरून माणसाचा स्वभाव वगैरे काही नसतो, सारे काही परिस्थितीच ठरवते, असा निष्कर्ष काही तत्त्वज्ञांनी काढला. मला तो घाईचा वाटतो. संशोधकांनी स्वतःच नोंदवले आहे की न थांबलेल्यांपैकी काहीजण पोचले तेव्हा अस्वस्थ होते. ते निर्दय नव्हते. कोणीतरी त्यांची वाट पाहत होते आणि त्या एका विचाराने त्यांची नजर अरुंद केली होती. शुश्रूषाताई म्हणतात त्याप्रमाणे, आधी नजर गेली.

तत्त्वशोध :

पाऊलवाट, तुम्ही सांगितलेल्या प्रसंगानंतर मला माझ्या पहिल्या उत्तरात भर घातली पाहिजे. मी झगडा असणे आणि नसणे एवढाच विचार केला होता. झगडा कशाशी करायचा, हे त्यात राहून गेले.

ब्रिटिश तत्त्वज्ञ आणि कादंबरीकार आयरिस मर्डॉकच्या १९७० मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या निबंधांत एका सासूचे उदाहरण आहे. तिला सून गावंढळ, आगाऊ आणि पोरकट वाटते, पण ती तिच्याशी सुरुवातीपासून अत्यंत नीट वागते. कोणाला काही कळत नाही. पुढे ती स्वतःलाच म्हणते की, मी जुन्या वळणाची आहे, मला मत्सर तर नक्कीच वाटतो, मला पुन्हा एकदा नीट पाहू दे. ती पाहत राहते, आणि हळूहळू तिला तीच मुलगी मोकळी, उत्साही आणि निर्मळ दिसू लागते. बाहेरचे वागणे आधीही निर्दोष होते आणि नंतरही तसेच राहिले. मर्डॉकचा मुद्दा असा की, बाहेर काहीही बदलले नसले तरी येथे नैतिक काम झाले आहे, आणि ते काम भावना दाबण्याचे नव्हते. ते पाहण्याचे होते.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. राग दाबायला बसले की माणूस स्वतःकडेच पाहत राहतो: मला अजून राग येतो का, आज कमी आला का, मी चांगला आहे का. मेन्शियसने एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली आहे, जो रोपे लवकर वाढावीत म्हणून एकेक ओढून वर काढतो आणि घरी येऊन ‘आज फार दमलो’ म्हणतो. मुलगा धावत जाऊन पाहतो, तर रोपे कोमेजलेली असतात. भावनांचेही तसेच आहे. त्या ओढून आणता येत नाहीत. उलट, चमचा ओठांशी धरायचा की भांड्यात ठेवून वाट पाहायची, हे हातातले आहे. १७९७ मध्ये कांटने लिहिले की ‘शेजाऱ्यावर प्रेम कर’ याचा अर्थ आधी प्रेम वाटू दे आणि मग त्याचे भले कर, असा नाही. भले करत राहा, त्या करण्यातून प्रेम उपजेल, असा आहे. याच पुस्तकात तो असेही म्हणतो की दुःखाचा त्रास होतो म्हणून आजाऱ्यांच्या खोल्या टाळू नयेत. आपण बहुधा समजतो त्यापेक्षा तो माणूस मऊ होता.

अ‍ॅरिस्टॉटलने तरुणांना गणितात प्रावीण्य मिळू शकते पण व्यावहारिक शहाणपण मिळत नाही, असे म्हटले, कारण ते एकेका प्रसंगाच्या अनुभवातून येते आणि त्याला वेळ लागतो. तुमच्या वडिलांना चार शब्दांत जे सांगता आले, ते मला इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतरही परिच्छेदाशिवाय सांगता येत नाही.

वाटसरू यांचा बहिणीविषयीचा प्रश्न मात्र अजून तसाच राहिला आहे. तो सोडू नये असे मला वाटते.

पाऊलवाट :

तो प्रश्न मी काल बहिणीला प्रत्यक्ष विचारला. हा सगळा धागा तिला वाचून दाखवला आणि म्हणालो की, तुला कधीच राग येत नव्हता ना?

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, बेल वाजवण्याआधी मी रोज जिन्यात थांबत होते. कधी पाच मिनिटे, कधी अर्धा तास. वर यायला नको वाटायचे. एकदा तर तशीच परत गेले होते आणि तुला फोनवर ताप आहे म्हणून सांगितले होते.” जिन्यात उभी राहून ती काय करत असे, असे मी विचारले. ती म्हणाली की बाबांना आज काय सांगायचे हे ती ठरवत असे: येताना दिसलेले काहीतरी, कोणीतरी बोललेले एखादे वाक्य. सांगण्यासारखे सापडले की मगच ती बेल वाजवत असे.

चौदा महिने दार मीच उघडत होतो. ती दुपारी उशिरा येते म्हणून, मला आठवते, मी मनातल्या मनात तिच्यावरही रागावलो होतो.